मल्टिकास्ट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेताना: स्विचवरची मांडणी, पायरी पायरीने

कॅमेऱ्यांचं नेटवर्क उभं करून झालं, स्क्रीनवर चित्र आलं, मी लॅपटॉप मिटला आणि निघालो. गेटपर्यंत पोचायच्या आत फोन आला: सगळे स्क्रीन काळे. परत गेलो, प्लेअर बंद करून पुन्हा सुरू केला, तर चित्र हजर. साधारण चार मिनिटांनी पुन्हा गायब. तिसऱ्या खेपेला घड्याळ लावून बसलो, तेव्हा आकडा मिळाला: चार मिनिटं वीस सेकंद, म्हणजे २६० सेकंद.

मल्टिकास्ट म्हणजे एकच प्रवाह एका ग्रुपच्या पत्त्यावर पाठवायचा आणि मागेल त्याने तो घ्यायचा. त्याचं काम करणाऱ्याने हा आकडा पाठच करून ठेवावा. आयजीएमपीमध्ये, म्हणजे ग्रुप मागण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, राउटर दर १२५ सेकंदांनी विचारतो, ‘कोणाला कोणता ग्रुप हवाय?’ उत्तरासाठी १० सेकंद देतो. दोन फेऱ्या आणि एक उत्तराची मुदत मिळून २६० सेकंदांत कोणीच हात वर केला नाही, तर त्या ग्रुपची नोंद पुसली जाते. माझ्या त्या नेटवर्कमध्ये स्नूपिंग (स्विचने ही उत्तरं ऐकून पोर्ट ठरवणं) चालू होतं, पण विचारणारा कोणीच नव्हता. प्लेअर सुरू होताना आपणहून एक रिपोर्ट पाठवतो, तेवढ्यावर चित्र यायचं. नंतर कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही, आणि स्विच पोर्ट बंद करून मोकळा. काही स्विच ६० सेकंदांनीच विचारतात. तिथे हिशोब १३० सेकंदांचा होतो, पण रोग तोच.

व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क. त्याच्या पलीकडे मल्टिकास्ट नेणं म्हणजे दोन स्वतंत्र कामं आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. एक काम व्हीलॅनच्या आतलं: पॅकेट फक्त मागणाऱ्या पोर्टवरच जावं. ते आयजीएमपी स्नूपिंग करतं. दुसरं काम व्हीलॅनच्या मधलं: पॅकेट एका सबनेटमधून दुसऱ्यात उतरावं. ते पिम, म्हणजे मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल, करतं. स्नूपिंगला राउटिंग कळत नाही आणि पिमला कुठल्या पोर्टवर कोण बसलंय याच्याशी घेणंदेणं नाही. बिघाड आला की आधी ठरवायचं, कुठल्या कामातला आहे. लोक दोन्हीकडच्या सेटिंग एकाच वेळी हलवतात, आणि मग चित्र का आलं हेही कळत नाही आणि का गेलं हेही नाही.

आधी कागदावर

उदाहरण असं धरू. व्हीलॅन २० मध्ये कॅमेरे, सबनेट १०.२०.०.०/२४. व्हीलॅन ३० मध्ये पाहणारे, १०.३०.०.०/२४. मध्ये एक लेअर ३ (राउटिंग करणारा) कोअर स्विच, ज्याच्याकडे दोन्ही व्हीलॅनचे .१ पत्ते आहेत. खाली तीन-चार लेअर २ अ‍ॅक्सेस स्विच, ट्रंकने (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या दुव्याने) जोडलेले. आज्ञा सिस्कोच्या धाटणीच्या देतो, कारण बाकीच्या बऱ्याच कंपन्यांच्या आज्ञा त्याच्याशी मिळत्याजुळत्या असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, स्विचवर अर्थातच मूळ स्पेलिंगने टाइप करायच्या.

ग्रुपचे पत्ते निवडताना घाई नको. आयपीव्ही४ चा मल्टिकास्ट पट्टा २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ असा आहे. त्यातला २३९ ने सुरू होणारा भाग संस्थेच्या आतल्या वापरासाठी राखलेला आहे, आपण तिथेच राहायचं. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ एवढे पत्ते प्रोटोकॉलच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहेत. राउटर ते पुढे नेत नाही, तुम्ही काहीही सेटिंग केलं तरी.

यातली खोच इथरनेटच्या पत्त्यात आहे. मल्टिकास्ट आयपीचं मॅक अ‍ॅड्रेसमध्ये रूपांतर होताना सुरुवात ठरलेली असते, ०१:००:५ई, आणि आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट त्यात बसतात. ग्रुप ओळखायला मात्र २८ बिट लागतात. पाच बिट गळतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या ग्रुपना एकच मॅक येतो. २३९.२०.१.१ आणि २३९.१४८.१.१ हे दोन ग्रुप इथरनेटच्या दृष्टीने एकच आहेत. स्विच मॅकवरून पोर्ट ठरवत असेल, तर एक ग्रुप मागणाऱ्याला दुसराही पोचतो. त्याहून वाईट म्हणजे २३९.०.०.५ किंवा २३९.१२८.०.५ असा पत्ता निवडणं. त्यांचा मॅक राखीव २२४.०.०.५ शी जुळतो, आणि त्या मॅकचं ट्रॅफिक स्विच सहसा सगळ्या पोर्टवर सोडतो. स्नूपिंग चालू असूनही पूर आला तर आधी हे तपासा.

आपण २३९.२०.१.१ पासून पुढे एकेका कॅमेऱ्याला एकेक ग्रुप देऊ. दुसरा आकडा व्हीलॅनचाच ठेवला की डीबगिंग करताना डोळ्यांना बरं पडतं.

अजून एक हिशोब कागदावरच करा. व्हीलॅन २० मध्ये कॅमेरा जे पाठवेल ते राउटरच्या दिशेने जाणारच, पाहणारा असो वा नसो. कारण स्नूपिंग करणारा स्विच मल्टिकास्ट राउटरकडच्या पोर्टवर सगळे ग्रुप सोडतो. ४० कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे अपलिंकवर सतत १६० मेगाबिट. तिथे १०० मेगाबिटचा जुना पोर्ट असेल तर पुढची कुठलीच पायरी उपयोगाची नाही.

व्हीलॅनच्या आत: स्नूपिंग आणि क्वेरिअर

प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विचवर स्नूपिंग चालू आहे का ते पाहा. सिस्कोवर ते मुळातच चालू असतं. स्वस्तातल्या वेब-मॅनेज्ड स्विचवर बहुधा बंद असतं, आणि कधी एकूण स्विचसाठी एक आणि व्हीलॅनसाठी वेगळी अशा दोन खुणा कराव्या लागतात.

आयपी आयजीएमपी स्नूपिंग
आयपी आयजीएमपी स्नूपिंग व्हीलॅन २०
आयपी आयजीएमपी स्नूपिंग व्हीलॅन ३०

आता विचारणारा कोण? कोअरच्या व्हीलॅन इंटरफेसवर पिम चालू केलं की आयजीएमपीही आपोआप चालू होतं आणि तोच क्वेरिअर, म्हणजे विचारणारा, बनतो. म्हणजे ज्या व्हीलॅनमध्ये पिम येणार आहे तिथे वेगळा क्वेरिअर लागत नाही. ज्या व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट आतल्या आत फिरणार आहे आणि राउटरकडे जाणारच नाही, तिथे मात्र एखाद्या स्विचवर स्नूपिंग क्वेरिअर लावावाच लागतो. माझी चूक नेमकी हीच होती. कॅमेरे आणि पाहणारे त्या दिवशी एकाच व्हीलॅनमध्ये होते आणि पिमचा पत्ता नव्हता.

एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरिअर निघाले तर सर्वांत लहान आयपीवाला जिंकतो. म्हणून कोअरला .१ द्या आणि अ‍ॅक्सेस स्विचवर उगाच क्वेरिअर लावू नका. लावायचाच असेल तर त्याचा पत्ता कोअरपेक्षा मोठा ठेवा. नाहीतर एखादा कोपऱ्यातला स्विच निवडून येतो आणि बाकीचे स्विच राउटर त्याच्याकडे आहे असं समजून सगळं ट्रॅफिक तिकडेही ढकलतात.

पिम लावल्यावर अ‍ॅक्सेस स्विचवर एक गोष्ट नक्की तपासायची:

शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग एमराउटर

दोन्ही व्हीलॅनसमोर कोअरकडे जाणारा ट्रंक पोर्ट दिसला पाहिजे. स्विच हा पोर्ट क्वेरी आणि पिमच्या हॅलो ऐकून ओळखतो. रिपोर्ट तो फक्त याच पोर्टकडे पाठवतो. इथे रकाना रिकामा असेल तर प्रेक्षकाची मागणी पहिल्याच स्विचवर अडकते. रिकामा असण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे ट्रंकवर तो व्हीलॅन परवानगीच्या यादीत नसणं. हसू नका, मी यावर अख्खी दुपार घालवली आहे.

इमिजिएट लीव्ह नावाची सोय अनेकांना मोहवते. चॅनेल बदलताच जुना ग्रुप लगेच बंद, वाट पाहणं नाही. पण ती पोर्टमागे एकच यंत्र असेल तिथेच लावायची. पोर्टच्या पुढे छोटा साधा स्विच टाकून दोन स्क्रीन जोडले असतील, तर एकाने चॅनेल सोडलं की दुसऱ्याचंही चित्र जातं. मग तक्रार येते ती ‘अधूनमधून अडकतं’ अशी, आणि कारण सापडायला महिना जातो.

व्हीलॅनच्या मध्ये: पिम आणि आरपी

सगळं कोअरवर.

आयपी मल्टिकास्ट-राउटिंग

काही कॅटलिस्ट मॉडेलवर या आज्ञेच्या शेवटी ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा शब्द जोडावा लागतो. काही मॉडेलमध्ये पिमसाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. ते खरेदीच्या आधी बघायचं असतं.

पिमच्या स्पार्स मोडमध्ये (मागेल तिथेच पाठवायची रीत) सगळ्यांना माहीत असलेली एक भेटीची जागा लागते, ती म्हणजे रेंडेव्हू पॉइंट, थोडक्यात आरपी. पाहणारा फक्त ‘मला हा ग्रुप हवाय’ एवढंच सांगतो, पाठवणारा कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. ती गाठ आरपी घालून देतो. एकच कोअर असेल तर आरपीही तोच. त्याला लूपबॅक पत्ता द्या, म्हणजे कुठली केबल निघाली तरी आरपी जागेवर राहतो.

इंटरफेस लूपबॅक ०
 आयपी अ‍ॅड्रेस १०.२५५.०.१ २५५.२५५.२५५.२५५
 आयपी पिम स्पार्स-मोड
इंटरफेस व्हीलॅन २०
 आयपी पिम स्पार्स-मोड
इंटरफेस व्हीलॅन ३०
 आयपी पिम स्पार्स-मोड
अ‍ॅक्सेस-लिस्ट १० परमिट २३९.२०.०.० ०.०.२५५.२५५
आयपी पिम आरपी-अ‍ॅड्रेस १०.२५५.०.१ १०

शेवटची १० ही अ‍ॅक्सेस-लिस्ट. ती म्हणजे काय चालेल याची यादी, तिच्यामुळे हा आरपी फक्त आपल्या ग्रुपपुरता राहतो. नेटवर्कमध्ये अजून लेअर ३ स्विच असतील तर आरपीची हीच ओळ प्रत्येकावर टाका, आणि त्यांना जोडणाऱ्या इंटरफेसवरही पिम चालू करा. तिथे ते विसरणं ही फार नेहमीची चूक आहे: दोन्ही टोकांना पिम आहे, मधल्या दुव्यावर नाही. ‘शो आयपी पिम नेबर’ दिल्यावर पलीकडचा स्विच दिसला नाही तर हेच झालंय.

पिम दोन्ही व्हीलॅनवर लागतं, स्रोताच्या आणि पाहणाऱ्याच्याही. स्रोताकडे ते नसेल तर कोअर आलेलं पॅकेट उचलतच नाही. पाहणाऱ्याकडे नसेल तर मागणी ऐकत नाही.

डेन्स मोडच्या वाटेला माझ्या मते जाऊ नये. आरपी लागत नाही म्हणून तो सोपा वाटतो, पण त्याची रीत आधी सगळीकडे पूर सोडायचा आणि मग नको तिथून छाटायचा अशी आहे. एका कोअरच्या प्रयोगशाळेत ते चालून जातं.

स्रोत कोण हे पाहणाऱ्याला आधीच माहीत असेल, तर सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्ट हा स्वच्छ मार्ग आहे. त्यासाठी २३२ ने सुरू होणारे पत्ते, पाहणाऱ्या व्हीलॅनवर ‘आयपी आयजीएमपी व्हर्जन ३’ आणि कोअरवर ‘आयपी पिम एसएसएम डिफॉल्ट’. आरपीची गरजच उरत नाही. अट एवढीच की प्लेअरला किंवा स्क्रीनच्या डब्याला व्हर्जन ३ बोलता आलं पाहिजे, आणि जुन्या डब्यांना ते येत नाही.

अ‍ॅक्सेस-लिस्ट असेल तर

व्हीलॅन वेगळे केलेत म्हणजे मध्ये नियमही असणार. युनिकास्टसाठी (एकाकडून एकालाच जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी) लिहिलेली यादी मल्टिकास्टला तीन ठिकाणी अडवते. स्रोताच्या व्हीलॅनमधून आत येताना कॅमेऱ्याच्या पत्त्यावरून २३९.२०.०.० च्या पट्ट्याकडे जाणारं यूडीपी सोडावं लागतं. पाहणाऱ्यांच्या व्हीलॅनमधून आत येताना आयजीएमपी सोडावं लागतं, तो टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही, आयपीचा प्रोटोकॉल क्रमांक २ आहे. आणि पाहणाऱ्यांकडे बाहेर जाताना यादी लावलेली असेल, तर तिथेही ग्रुपकडे जाणारं यूडीपी. यातली आयजीएमपीची ओळ सर्वांत जास्त विसरली जाते, कारण पिंग चालतं, वेबपेज उघडतं, फक्त चित्र येत नाही. लेअर ३ स्विचच्या मधल्या दुव्यांवर यादी असेल तर पिमचा क्रमांक १०३ आहे, तोही सोडा.

तपासणी, त्याच क्रमाने

खऱ्या कॅमेऱ्याने तपासू नका, त्यात फार गोष्टी मिसळलेल्या असतात. दोन लॅपटॉप घ्या, एक व्हीलॅन २० मध्ये, एक ३० मध्ये, आणि आयपर्फ या ट्रॅफिक पाठवून मोजणाऱ्या प्रोग्रामची दोन नंबरची आवृत्ती. तीन नंबरच्या आवृत्तीत मल्टिकास्ट नाही. घेणाऱ्या लॅपटॉपवर सर्व्हर यूडीपीमध्ये २३९.२०.१.२०० या पत्त्याला बांधून सुरू करा. पाठवणाऱ्यावर त्याच पत्त्याकडे १ मेगाबिटने १० मिनिटं पाठवा, आणि टीटीएल स्पष्टपणे ४ किंवा जास्त द्या.

टीटीएल, म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं याचा आकडा, त्यावर जरा थांबतो. प्रोग्रामने वेगळं सांगितलं नाही तर मल्टिकास्ट पॅकेट टीटीएल १ घेऊनच निघतं. एका व्हीलॅनमध्ये ते छान चालतं. राउटरने एक वजा केला की शून्य, पॅकेट संपलं. ‘त्याच व्हीलॅनमध्ये दिसतं, पलीकडे नाही’ ही तक्रार आली की पिमला हात लावण्याआधी स्रोताकडे पॅकेट पकडून टीटीएल वाचा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या आणि एन्कोडरच्या सेटिंगमध्ये टीटीएलचा रकाना असतो.

आता पाहणाऱ्याकडून सुरुवात करून स्रोताकडे चला. अ‍ॅक्सेस स्विचवर ‘शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग ग्रुप्स’: पाहणाऱ्याच्या पोर्टसमोर ग्रुप दिसतो का? नसेल तर लॅपटॉपची फायरवॉल बघा. दिसतो, तर कोअरवर ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स’: व्हीलॅन ३० समोर तोच ग्रुप आणि शेवटच्या रिपोर्टवाल्याचा पत्ता. इथे नसेल तर ट्रंक, एमराउटर पोर्ट किंवा अ‍ॅक्सेस-लिस्ट. मग:

शो आयपी एमराउट २३९.२०.१.२००

इथे दोन नोंदी हव्यात. ताराचिन्ह असलेली नोंद म्हणजे ‘कोणीतरी मागतंय’. स्रोताच्या पत्त्याची नोंद म्हणजे ‘कोणीतरी पाठवतंय’. पहिलीच आहे आणि दुसरी नाही, तर गडबड स्रोताकडे. दुसरी आहे पण तिच्या बाहेर जाणाऱ्या यादीत व्हीलॅन ३० नाही, तर गडबड पाहणाऱ्याकडे. ताराच्या नोंदीत आत येणारा इंटरफेस ‘नल’ दिसला तर घाबरू नका, आरपी स्वतः हाच स्विच असल्याचं ते लक्षण आहे.

दोन्ही नोंदी आहेत, यादीही बरोबर आहे, तरी पॅकेट पोचत नाही? मग ‘शो आयपी आरपीएफ’ आणि पुढे स्रोताचा पत्ता. पिम प्रत्येक पॅकेटला विचारतं: तू ज्या दारातून आलास, तुझ्या मालकाकडे परत जायची माझी वाटही त्याच दाराने आहे का? नसेल तर पॅकेट टाकून देतं. एकच कोअर असताना हा प्रश्न सहसा येत नाही. दोन कोअर, दोन वाटा आणि पिम एकाच वाटेवर, असं असलं की येतोच. उपाय सोपा: जिथे युनिकास्टची वाट आहे तिथे पिमही असू द्या.

काही जण तपासणीसाठी व्हीलॅन इंटरफेसवर ‘आयपी आयजीएमपी जॉइन-ग्रुप’ देतात आणि ग्रुपला पिंग करतात. पद्धत चांगली आहे, स्विच स्वतःच उत्तर देतो. पण नंतर ती ओळ काढा. ती राहिली तर त्या ग्रुपचं प्रत्येक पॅकेट स्विचच्या सीपीयूकडेही जातं, आणि व्हिडिओच्या ग्रुपवर ती राहिली तर स्विच हाशहुश करायला लागतो.

चित्र आलं की सहा मिनिटं थांबा. मग अ‍ॅक्सेस स्विच रीस्टार्ट करा आणि पुन्हा सहा मिनिटं. एखादी केबल काढून लावलीत तर स्पॅनिंग ट्री (स्विचमधले लूप टाळणारी व्यवस्था) बदलल्यामुळे थोडा वेळ मल्टिकास्ट सगळ्या पोर्टवर दिसेल, पुढच्या एक-दोन क्वेरींनंतर ते आवरतं.

पिमने न सुटणारी दुखणी

फोनला प्रिंटर किंवा स्क्रीन दिसत नाही, व्हीलॅन वेगळे आहेत, म्हणून पिम लावा, असा सल्ला ऐकलात तर सोडून द्या. एमडीएनएस, म्हणजे जवळची यंत्रं शोधायचा प्रोटोकॉल, २२४.०.०.२५१ वर चालतं, आणि हा पत्ता वर सांगितलेल्या राखीव भागात आहे. राउटर तो ओलांडू देणार नाही. त्यासाठी एमडीएनएस गेटवे किंवा रिफ्लेक्टर लागतो, जो एका व्हीलॅनमध्ये ऐकून दुसऱ्यात स्वतः बोलतो. एसएसडीपी या तशाच दुसऱ्या प्रोटोकॉलचा २३९.२५५.२५५.२५० मात्र पिमने नेता येतो, टीटीएल पुरला तर.

वायफायवर पाहणारे असतील तर गणित वेगळं. अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सहसा खालच्या वेगाने हवेत सोडतो, आणि पोचपावती नसते. ८ मेगाबिटचा एक व्हिडिओ अख्ख्या खोलीची हवा खाऊन टाकू शकतो. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये रूपांतर करण्याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर तो व्हीलॅन पिममधून वगळा.

एकच प्रवाह, पुष्कळ व्हीलॅन: एमव्हीआर

समजा एका अ‍ॅक्सेस स्विचखाली दहा व्हीलॅन आहेत आणि सगळ्यांना तोच ८ मेगाबिटचा चॅनेल हवाय. पिम प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळी प्रत काढतं, म्हणजे त्याच ट्रंकवरून तेच चित्र दहा वेळा, ८० मेगाबिट. अशा ठिकाणी एमव्हीआर, म्हणजे मल्टिकास्ट व्हीलॅन रजिस्ट्रेशन, कामाला येतं. मल्टिकास्टसाठी एक स्वतंत्र व्हीलॅन, प्रवाह त्यातून एकदाच येतो, आणि अ‍ॅक्सेस स्विच तो मागणाऱ्या पोर्टवर सोडतो, तो पोर्ट कुठल्याही व्हीलॅनचा असो. राउटिंग होतच नाही.

एमव्हीआर
एमव्हीआर व्हीलॅन १००
एमव्हीआर ग्रुप २३९.२०.१.१ ८
इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१
 एमव्हीआर टाइप सोर्स
इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/५
 एमव्हीआर टाइप रिसीव्हर

ग्रुपच्या ओळीतला ८ म्हणजे तिथून सलग आठ पत्ते. सोर्स हा वरच्या बाजूचा ट्रंक, रिसीव्हर हा पाहणाऱ्याचा पोर्ट, आणि तो ट्रंक असून चालत नाही. सिस्कोवर एका स्विचवर एमव्हीआर आणि मल्टिकास्ट राउटिंग एकत्र नांदत नाहीत: राउटिंग चालू केलंत की एक इशारा देऊन एमव्हीआर बंद पडतं. म्हणून पिम कोअरवर आणि एमव्हीआर खालच्या लेअर २ स्विचवर, अशी वाटणी ठेवा. व्हीलॅन १०० मध्येही क्वेरिअर लागतोच, आणि तो कोअरच्या पिममधून येत नसेल तर हाताने लावा.